सिल्व्हरटन आणि ब्रोकन हिल : आईबाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

पिंपळपान
पुढच्या सप्टेंबरात आईबाबा पुण्याहून ॲडलेडला येतायत. बाबा (७१) रेल्वे आणि जुनी यंत्रं म्हटली की जेवण विसरतात. आईचा (६७) एक गुडघा कुरकुरतो. सोबत साडेतीन वर्षांचा मुलगा. चार दिवस हाताशी आहेत. सिल्व्हरटन हे जुनं चांदीच्या खाणीचं गाव आणि शेजारचं ब्रोकन हिल असं डोक्यात आहे.
१. एवढं लांब जाऊन बघण्यासारखं खरंच काही आहे का?
२. भाड्याची साधी सेडान चालेल का, की फोर व्हील ड्राइव्हच हवी?
३. जुन्या खाणीत उतरता येतं म्हणे. आई-बाबा-मुलगा यांच्यापैकी कोणाला जमेल?
४. आम्ही सगळे शाकाहारी, आई अंडंही खात नाही.
जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आगाऊ_अण्णा
५१० किलोमीटर जाऊन पत्र्याची घरं बघायची? पत्रे तर आमच्या चाळीवर पण आहेत. या, चहा देतो.

माळरान
अण्णांकडे दुर्लक्ष करा. आधी एक गोष्ट नीट करून घेऊ. ब्रोकन हिल ही माजी खाणनगरी नाही, तिथे आजही जमिनीखाली काम चालू आहे. उठलेलं गाव आहे ते सिल्व्हरटन, ब्रोकन हिलच्या वायव्येला २५ किमी.

क्रम असा. १८८०च्या सुमारास अंबरअंबरका भागात चांदी सापडली, सिल्व्हरटन उभं राहिलं. १८८५-८६ला तिथे तीनेक हजार लोक होते. मधल्या काळात, १८८३मध्ये, माउंट गिप्स या मेंढ्यांच्या रानावर कुंपण राखणारा चार्ल्स रॅस्प एका काळ्या ओबडधोबड टेकडीवरून नमुने घेऊन आला. त्याला वाटलं कथील. निघालं शिसं आणि चांदी, तेही जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. १८८५ला कंपनी निघाली, ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, म्हणजेच आजची बीएचपी. सिल्व्हरटनची धातुशीर श्रीमंत पण उथळ होती, तिकडची खोल. दोनचार वर्षांत सगळी वस्ती तिकडे सरकली.

आता बघताना लक्षात ठेवायची गोष्ट. लोक नुसते गेले नाहीत, घरं घेऊन गेले. लाकडी सांगाडा आणि पत्रा सुटा करून गाडीवर लादायचा आणि नव्या गावात पुन्हा ठोकायचा. त्यामुळे सिल्व्हरटनला आज जे उभं आहे ते मुख्यतः दगडाचं : तुरुंग, चर्च, कोर्ट. मधल्या मोकळ्या जागा म्हणजे पडलेली घरं नव्हेत, उचललेली घरं. हे माहीत नसेल तर "एवढंच?" असं वाटून माणूस अर्ध्या तासात गाडीत बसतो.

ऊनपाऊस
माळरान, माहिती उत्तम, पण धागाकर्तीला खरं सांगूया ना. सिल्व्हरटन तीन तासांत संपतं. तुरुंगातलं संग्रहालय, दोनतीन कलादालनं, हॉटेल, मॅड मॅक्स सिनेमाचं संग्रहालय, झालं. त्यासाठी लहान मुलाला येताजाता बारा तास गाडीत बांधायचं? त्यापेक्षा कूबर पीडी या खाणगावात जमिनीखाली राहता तरी येतं.

माळरान
@ऊनपाऊस, कूबर पीडी ॲडलेडहून साडेआठशे किमी आहे. चार दिवसांत लहान मूल आणि दोन ज्येष्ठ घेऊन ते जास्त दमवणारं आहे. शिवाय सिल्व्हरटन एकटं कोणी बघत नाही. अर्धा दिवस सिल्व्हरटन, दीड दिवस ब्रोकन हिल, दोन दिवस रस्ता.

स्टेपनी
प्रश्न २ माझ्या खात्यातला.

ॲडलेड ते ब्रोकन हिल बॅरियर हायवे पूर्ण डांबरी. ब्रोकन हिल ते सिल्व्हरटन डांबरी. सिल्व्हरटनच्या पुढचा मुंडी मुंडी लुकआउट, पाचेक किमी, तोही डांबरी. एवढ्याला सेडान पुरते. फोर व्हीलचे पैसे वाचवून चांगलं मोटेल घ्या.

सेडानची अडचण दोन ठिकाणी. एक, डेड्रीम खाण (तुम्ही विचारताय ती, उतरता येणारी) : सिल्व्हरटन रस्त्यावरून फाटा फुटतो आणि पुढचा तुकडा कच्चा आहे. सेडान जाते, पण बऱ्याच भाड्याच्या करारांत कच्च्या रस्त्यावर विमा शून्य असतो. करारात 'अनसील्ड रोड' हे कलम शोधा, आणि त्याच पानावर 'रात्री जनावराला धडक' हेही. काही कंपन्या सूर्यास्त ते सूर्योदय शहराबाहेर चालवल्यास भरपाई देत नाहीत. दोन, स्टेपनी. नव्या सेडानमध्ये बारीक तात्पुरतं चाक मिळतं (ताशी ८० ची मर्यादा) किंवा नुसता फेस भरायचा डबा. टायरची बाजू फाटली तर डब्याचा उपयोग शून्य. गाडी ताब्यात घेतानाच डिकीतली फळी उचलून बघा आणि पूर्ण मापाचं चाक असलेली मागा.

पेट्रोल : बर्रा इथे भरा, युंटा इथे परत भरा. युंटा ते ब्रोकन हिल साधारण २०० किमी, मध्ये भरवसा ठेवावा असं काही नाही. सिल्व्हरटनला पंप नाही.

रोड ट्रेन : या रस्त्यावर दोन ट्रेलरवाले, साडेछत्तीस मीटर लांबीपर्यंतचे ट्रक असतात. ओलांडायचं गणित मांडून ठेवा. ट्रक १००ने, तुम्ही ११०ने. त्याची लांबी आणि पुढेमागे सुरक्षित अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा १०० मीटर जास्त कापायचे आहेत. ताशी १० किमीच्या फरकाने त्याला ३६ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १.१ किमी पुढे गेलेले असता आणि समोरून येणारा तेवढाच जवळ आलेला असतो. म्हणजे सव्वादोन किमी रिकामा रस्ता दिसत नसेल तर ओलांडू नका. ओव्हरटेकिंग लेनची पाटी येते, थांबा तोवर.

कांगारू आणि एमू : पहाटे आणि तिन्हीसांजेला. समोर आला तर ब्रेक सरळ दाबा, स्टिअरिंग फिरवू नका. उलटलेल्या गाड्यांत बऱ्याचशा कांगारूला चुकवायला गेलेल्या असतात.

चिकू
सव्वादोन किमीचं गणित वाचून पुणे-सातारा रस्त्यावरचे माझे सगळे ओव्हरटेक डोळ्यांपुढून गेले :)

खडू_आणि_फळा
सिल्व्हरटन रस्त्यावरचे 'डिप' राहिले. रस्ता ओढे ओलांडताना पूल नाही, सरळ खाली जाऊन वर येतो, आणि असे तीसचाळीस खोलगट भाग आहेत. कोरड्यात मुलांना झोपाळा वाटतो. मागे बसलेल्या आजीला मळमळू शकतं, म्हणून वेग ८०च्या आत आणि आजी पुढच्या सीटवर. पाऊस झाला असेल तर डिपच्या कडेला खोली दाखवणारी मीटरची काठी असते ती बघा. वाहतं पाणी असेल तर सेडान घालू नका, तासाभरात बहुधा उतरतं. कच्च्या रस्त्यावर 'रोड क्लोज्ड' असेल तर त्यात घुसणाऱ्याला दंड जबर आहे, कारण ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड होतात आणि पुढे महिनाभर सगळ्यांना त्रास.

शिसपेन्सिल
साडेतीन वर्षांचा मुलगा आहे म्हणून हा प्रतिसाद. ब्रोकन हिलच्या मातीत शिसं आहे. शंभराहून जास्त वर्षं धातू काढला, जाळला, ढिगारे रचले, ती धूळ गावभर बसली आहे. तिथल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं रक्त नियमित तपासतात आणि त्यासाठी सरकारी कार्यक्रमच आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याने घाबरायचं कारण नाही. शिशाचा धोका साठत जाणारा असतो. पण लहान मूल जमिनीवरचा हात थेट तोंडात घालतं आणि त्याच्या पोटात मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषलं जातं, म्हणून :

खाण्याआधी हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली. नुसतं सॅनिटायझर शिसं काढत नाही, ते हातावरच पसरवतं. उघड्या मातीत खेळू देऊ नका, हिरवळीच्या बागा आणि रबर टाकलेली खेळायची मैदानं आहेत. बूट खोलीच्या दाराबाहेर. खोलीतली फरशी झाडायची वेळ आली तर ओल्या फडक्याने पुसा. छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी पिऊ नका, नळाचं प्या. नळाचं पाणी २०१९पासून मरे नदीवरच्या वेंटवर्थहून २७० किमी नळातून येतं, पूर्वी मेनिंडीच्या तळ्यांवर भिस्त होती. कोणी गरोदर असेल तर हेच नियम जास्त कडक.

आगाऊ_अण्णा
शिसपेन्सिल हे नाव घेऊन शिशाविरुद्ध लिहिणं म्हणजे घरभेदीपणा.

शिसपेन्सिल
पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं हो अण्णा. शाळेत मागच्या बाकावर होतात वाटतं.

खनिजखोर
आता जरा मजेचं. ब्रोकन हिलचे रस्ते वाचत चाला : अर्जेंट, ऑक्साइड, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट, बेरिल, गॅलेना, केओलिन. नुसती हौस नाही ती. धातुशिरेचा वरचा भाग लाखो वर्षं हवापाण्याने कुजला, त्यामुळे पृष्ठभागाजवळ चांदी क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइडच्या रूपात होती. खाली उतरलं की सल्फाइड : गॅलेना (शिसं, त्यात चांदी) आणि स्फॅलेराइट (जस्त). पहिल्या लोकांनी वरचं मऊ, श्रीमंत ओरबाडलं. सल्फाइडला पोचल्यावर अडले, कारण गॅलेना जड म्हणून पाण्यात धुऊन वेगळं होई, पण जस्त कचऱ्याबरोबर वाहून जाई. त्या कचऱ्याचे डोंगर झाले. १९००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथेच तरंगवण्याची रीत व्यवहारात आली : दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, तेल-आम्लासारखं काही घालायचं आणि बुडबुडे सोडायचे. सल्फाइडचे कण बुडबुड्याला चिकटून वर फेसात येतात, वाळू खाली बसते. आज जगभरचं तांबं, जस्त, शिसं याच पद्धतीने वेगळं होतं. राजस्थानातल्या जस्ताच्या खाणींतही तेच.

बाबांना यंत्रांची आवड आहे तर हे आधी सांगून ठेवा. गावाच्या मधोमध जी काळी डोंगररांग दिसते ती निसर्गाची नाही, खाणीतून काढून टाकलेला दगड आहे. मूळ 'ब्रोकन हिल' टेकडी कधीच खोदून संपली.

ब्रोमाइड आणि क्रिस्टल रस्त्यांच्या कोपऱ्यावर खनिजांचं संग्रहालय आहे. रॅस्पचं म्हणून ओळखलं जाणारं, चांदीत घडवलेलं शोभेचं झाड तिथे आहे. गुलाबी ऱ्होडोनाइट आवर्जून बघा, हे इथलं खास.

पिंपळपान
भरभरून माहिती, सगळ्यांचे आभार. @खनिजखोर, मुलाला दगड गोळा करायचं वेड आहे. एखादा छोटा दगड उचलला तर चालतो का?

खनिजखोर
नाही. जुन्या खाणीच्या जागा आणि संग्रहालयाचं आवार संरक्षित आहे, ब्रोकन हिल शहर तर २०१५पासून राष्ट्रीय वारसा यादीत आहे. चालू खाणपट्ट्यावर परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. आणि चकचकीत राखाडी चौकोनी दाणे दिसले तर ते गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड. साडेतीन वर्षांच्या खिशात ते नको. दुकानातून घोटलेला ऱ्होडोनाइटचा खडा घेऊन द्या, स्वस्तात मिळतो.

त्याहून महत्त्वाचं, पायवाट सोडू देऊ नका. सिल्व्हरटन-डेड्रीम परिसरात जुन्या उभ्या विहिरीसारख्या खाणी आहेत. काहींना कुंपण आहे, काहींवर नुसत्या फळ्या, त्या आतून कुजलेल्या. तोंडाशी उभं राहून डोकवायचा मोह होतो, पण काठाची माती आतून ढासळून नरसाळ्यासारखी पोकळ झालेली असते, वरून पत्ता लागत नाही. आडव्या बोगद्यात शिरणं तितकंच वाईट : जुनं लाकूड कुजताना प्राणवायू खातं, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, त्याला वास नसतो. उन्हाळा सुरू होताना साप सावलीसाठी अशाच तोंडाशी येतात. सप्टेंबर म्हणजे त्यांचा बाहेर पडायचा महिना.

वाफेचं_इंजिन
बाबांसाठी : सल्फाइड स्ट्रीटवरचं रेल्वे संग्रहालय चुकवू नका. सिल्व्हरटन ट्रॅमवे कंपनीचं ते जुनं स्थानक. कंपनी का निघाली हे मजेशीर आहे. धातू वितळवायला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बंदराकडे न्यायचा, पण न्यू साउथ वेल्स सरकार शेजारच्या राज्याच्या रेल्वेला आपल्या हद्दीत रूळ टाकू देईना. मग खासगी कंपनीने सीमेवरच्या कॉकबर्नपासून ब्रोकन हिलपर्यंत साडेतीन फुटी गेजची लाइन टाकली, १८८८. नाव ट्रॅमवे, काम पक्क्या रेल्वेचं. पुढे १९२७ला सिडनीकडून प्रमाण गेज आलं आणि एकाच गावात दोन गेज झाले. सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा. हे १९७०पर्यंत चाललं. मीटरगेज-ब्रॉडगेजच्या अदलाबदलीत मिरज स्थानक बघितलेल्या माणसाला वेगळं समजवायला लागणार नाही.

सिल्व्हर सिटी कॉमेटचे डबे तिथे आहेत. १९३७पासून धावलेली ही ऑस्ट्रेलियातली पहिली वातानुकूलित गाडी. आत बसून बघता येते का ते तिथल्या स्वयंसेवकांना विचारा, बहुतेक जण बोलायला उत्सुक असतात.

कोणी सिडनीहून जाणार असेल तर आठवड्यातून एकदा सोमवारी सकाळी सेंट्रलहून साधी गाडी सुटते, संध्याकाळी ब्रोकन हिल, मंगळवारी परत. एकच रात्र मिळते किंवा पुढचा पूर्ण आठवडा. इंडियन पॅसिफिकही थांबते, पण ती चैन आहे, वाहतूक नव्हे.

तांबडी_माती
खाणकामगारांचं स्मारक कोणी सांगितलं नाही? ढिगाऱ्याच्या माथ्यावर, २००१चं, लोखंडाचं. आठशेहून जास्त नावं आणि प्रत्येकापुढे मृत्यूचं कारण : दगड कोसळून, पिंजरा पडून, स्फोट, शिशाची विषबाधा. गाडी वरपर्यंत जाते (रस्ता चालू आहे ना ते व्हिजिटर सेंटरला विचारून निघा), त्यामुळे आईला चढ नाही.

आणि संप. १९१९-२०मध्ये इथल्या कामगारांनी अठरा महिने संप केला आणि ३५ तासांचा आठवडा मिळवला. १९२०ला!

गिरणगाव
अठरा महिने. १९८२चा मुंबईचा गिरणी संपही तेवढाच ताणला गेला, आणि हाती काय लागलं? गिरण्यांच्या जागी मॉल. फरक कुठे पडला?

तांबडी_माती
माझ्या मते मालात. कापड कुठेही विणता येतं, ही धातुशीर मालकाला उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती. शिवाय संपाच्या आधीपासून तिथे खाणकामगार सोडून दुसरं कोणी गावच नव्हतं, किराणावालाही उधारीवर कामगाराच्याच बाजूने.

गिरणगाव
किराणावाला गिरणगावातही होता हो. उधारीही होती. पण मालाचा मुद्दा पटला.

माळरान
दोघांचंही वाचायला आवडलं, पण याला वेगळा धागा काढा, नाहीतर पिंपळपान यांचे आईबाबा विमानतळावरच राहायचे.

उंटवाला
मग मीही एक अवांतर करून घेतो, कारण त्याचा भारताशी संबंध आहे. उत्तर ब्रोकन हिलमध्ये तांबड्या पत्र्याची एक छोटी मशीद आहे, उंटवाल्यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. ज्यांना तिकडे सरसकट 'अफगाण' म्हणत ते पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा ठिकाणांहून आलेले, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानातले बरेच. रेल्वे पोचत नव्हती तिथे लोकर, पाणी, खाणीचं सामान या लोकांच्या उंटांवरून जायचं. उंटवाल्यांच्या काळातल्या वस्तू मशिदीतल्या संग्रहालयात आहेत. ते रविवारी दुपारी थोडाच वेळ उघडतं, वेळ आधी विचारा.

त्याच वस्तीतल्या दोघांनी, गुल मोहम्मद आणि मुल्ला अब्दुल्ला, १ जानेवारी १९१५ला सिल्व्हरटनला सहलीला निघालेल्या गाडीवर गोळ्या झाडल्या. पहिलं महायुद्ध सुरू होतं, हे दोघे तुर्कस्तानच्या बाजूने. सहलीला निघालेले बाराशेच्या आसपास लोक खाणीचा माल वाहणाऱ्या उघड्या वाघिणींत बाकं टाकून बसलेले. चौघे मारले गेले, मग दोघे हल्लेखोरही. आइसक्रीमच्या हातगाडीतून बंदुका नेल्या होत्या. हल्लेखोर शेवटी जिथे घेरले गेले ती जागा व्हाइट रॉक्स म्हणून राखलेली आहे.

चिकू
आइसक्रीमची गाडी हे सिनेमातलं वाटतं, खरं आहे?

उंटवाला
खरं आहे. गुल मोहम्मद आइसक्रीम विकायचा.

शिरीष_पुष्प
प्रश्न ३, डेड्रीम खाण. फेरी तासाभराची, हेल्मेट आणि कमरेच्या बॅटरीचा दिवा मिळतो, बूट पूर्ण बंद लागतात. सँडल घालून गेलात तर आत सोडत नाहीत. उतार आणि पायऱ्या ओबडधोबड, काही ठिकाणी छत इतकं खाली की पाठ वाकवून, पाय दुमडत चालावं लागतं. कुरकुरणाऱ्या गुडघ्याचं काम उतरताना जास्त बिघडतं, चढताना कमी. आईंना वरच ठेवा, वर चहा आणि स्कोन मिळतात (स्कोनमध्ये अंडं आहे का विचारून). साडेतीन वर्षांच्या मुलाला हेल्मेट डोळ्यांवर येईल आणि अंधारात रडला तर परत फिरणं सगळ्या गटाला जड. त्याला आजीबरोबर वर राहू द्या. बाबा जाऊ शकतील, पाठ आणि दम ठीक असेल तर. या खाणीत लहान मुलं कामाला होती हे तिथला वाटाड्या दाखवतो, त्यांनी खोदलेले अरुंद बोगदे बघितले की त्यांची उंची कळते. फेऱ्या सकाळच्याच असतात, फोन करून जा.

ऊनपाऊस
पण स्टेपनींनी सांगितलेला कच्चा रस्ता आणि विमा?

स्टेपनी
म्हणून भाड्याच्या गाडीला मी डेड्रीम वगळायला सांगेन, किंवा ब्रोकन हिलहून टूरवाल्याच्या गाडीने जा. गाडी स्वतःची असेल तर कच्च्यावर हवा पाचसहा पीएसआय कमी करा, वेग ६०च्या आत, समोरून ट्रक आला तर डावीकडे होऊन धूळ बसेपर्यंत थांबा. परत डांबरावर आलात की हवा भरायची, कमी हवेने ११० चाललात तर टायर तापून फाटतो. छोटा बारा व्होल्टचा पंप बरोबर ठेवा.

काटा_आणि_घड्याळ
कोणीच वेळेचं लिहिलं नाही! ब्रोकन हिल आणि सिल्व्हरटन न्यू साउथ वेल्समध्ये आहेत पण घड्याळ ॲडलेडचं, सिडनीपेक्षा अर्धा तास मागे. तुम्ही ॲडलेडहून जाताय म्हणजे काटा हलवायचा नाही. पण फोन कधी कधी राज्य बघून स्वतःच सिडनीची वेळ लावतो. फोनमधली आपोआप वेळ बंद करा, ॲडलेड निवडा. मेलबर्न-सिडनीहून येणारे खाणीच्या फेरीला अर्धा तास लवकर पोचतात ते ठीक, विमान पकडायला जाणाऱ्यांनी दोनदा बघावं.

मेतकूट_भात
प्रश्न ४ कडे वळते. ब्रोकन हिलमध्ये मोठी सुपरमार्केटं आहेत, दूध-दही-भाजी-तांदूळ-डाळ सगळं मिळतं. कढीपत्ता आणि ज्वारीचं पीठ मात्र ॲडलेडहून न्या. स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या, मोटेलची खोली नको. सिल्व्हरटनच्या हॉटेलात शाकाहारी म्हणजे बटाट्याच्या काचऱ्या आणि एखादा पदार्थ, तळणीचं तेल मासे-चिकनचंच. दिवसाचा डबा बरोबर : दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, गूळपापडी. लोणी-दही नको, गाडीत उतरतं. गावातली गाढवं मोकाट आहेत आणि खिडकी उघडी दिसली की मान आत घालतात. गाडीत डबा उघडू नका. मुलाला हाताने भरवू देऊ नका, चावतात.

मुख्य सूचना परतीची. दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना ऊडला विरा इथे फळमाशीची तपासणी चौकी आहे. ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या, वांगी, ढबू मिरची, सगळं काढून घेतात, लपवलंत तर दंड. ॲडलेडहून नेलेलंच का असेना, परत आणता येत नाही. म्हणून शेवटच्या दिवशीच्या सकाळी उरलेल्या मिरच्यांचा ठेचा करा आणि टोमॅटो शिजवून टाका. शिजवलेलं चालतं.

आगाऊ_अण्णा
सरकारी चौकीच्या भीतीने ठेचा होत असेल तर अशा चौक्या अजून हव्यात.

खडू_आणि_फळा
उघड्यावर गॅसची शेगडी पेटवणार असाल तर त्या दिवशी 'टोटल फायर बॅन' आहे का ते दोन्ही राज्यांच्या संकेतस्थळांवर बघा. सप्टेंबरमध्ये शक्यता कमी, शून्य नाही.

ऊनपाऊस
सप्टेंबर धरलाच आहे तर तारखा तपासा. ऑगस्टमध्ये मुंडी मुंडीच्या मैदानावर मोठा संगीत महोत्सव असतो, सप्टेंबरमध्ये पॅलेस हॉटेलात ब्रोकन हील महोत्सव, महिनाअखेरीला शाळांच्या सुट्ट्या. तिन्ही वेळी खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुप्पट. हवा सप्टेंबरची छान, दुपारी पंचवीसच्या आत आणि रात्री एक आकडी. म्हाताऱ्यांना स्वेटर, कानटोपी. माश्या सुरू झालेल्या असतात, डोक्यावरून घ्यायची जाळी चार घेऊन टाका, डॉलरवारी मिळतात, ती नसली की मुंडी मुंडीवर कोणी दोन मिनिटं उभं राहत नाही.

(हो, आधी मी जाऊ नका म्हणालो होतो. रेल्वेचं ऐकून मत थोडं बदललं.)

तांबडी_माती
पॅलेस हॉटेलच्या जिन्यातली आणि छतावरची भित्तिचित्रं बघायला आत राहायची गरज नाही. १८८९ला ते दारूमुक्त 'कॉफी पॅलेस' म्हणून बांधलं. खाणकामगारांच्या गावात ते किती चाललं असेल ते तुम्हीच ओळखा, तीनचार वर्षांत दारूचा परवाना काढावा लागला.

माळरान
चला, आता मूळ प्रश्नाकडे. सूर्यास्ताची जागा ठरवून टाका, कारण सगळं त्यावर अडतं. मुंडी मुंडीवरचा सूर्यास्त प्रसिद्ध, पण तो बघून ३० किमी अंधारात, कांगारूंच्या वेळेला, डिपवाल्या रस्त्याने परत यायचं, आणि भाड्याच्या गाडीला त्या वेळेचा विमा नसेल. त्यापेक्षा सूर्यास्त लिव्हिंग डेझर्टला घ्या, गावापासून बाराएक किमी. टेकडीवर १९९३ला देशोदेशीच्या शिल्पकारांनी केलेली बारा वालुकाश्माची शिल्पं आहेत, मावळतीला ती लालबुंद होतात. खालच्या वाहनतळावरून चढ आहे. गुडघेदुखीवाल्यांना वरपर्यंत गाडी न्यायची सोय विचारता येते, त्यासाठी व्हिजिटर सेंटरला आधी फोन. फाटक सूर्यास्तानंतर बंद होतं, शेवटच्या फोटोच्या नादात अडकू नका.

माझा क्रम :
शनिवार : ॲडलेडहून सकाळी सातला. बर्राला नाश्ता आणि पेट्रोल, युंटाला जेवण आणि पेट्रोल, चारच्या आत ब्रोकन हिल. अंधार पडायच्या आत हा एकच नियम.
रविवार : सकाळी रेल्वे संग्रहालय, दुपारी मशीद (रविवारीच उघडते म्हणून शनिवारचा प्रवास), संध्याकाळी लिव्हिंग डेझर्ट.
सोमवार : सकाळी सिल्व्हरटन, मुंडी मुंडी, पुढे अंबरअंबरका जलाशय. दोनपर्यंत परत, मूल झोपेल. संध्याकाळी खाणकामगार स्मारक.
मंगळवार : ठेचा, आणि परत.

पिंपळपान
क्रम छापून फ्रीजवर लावलाय. डेड्रीम वगळतेय, बाबा थोडे हिरमुसले पण कॉमेटचं ऐकून खुलले. फोनचं काय? माझं सिम स्वस्तातल्या कंपनीचं आहे.

काटा_आणि_घड्याळ
गावात सगळे चालतात. युंटा ते कॉकबर्नमध्ये मोठे पट्टे रेंजशिवाय, त्यात टेल्स्ट्राचं जाळं इतरांपेक्षा बरं. स्वस्तातली सिम टेल्स्ट्राच्या मनोऱ्यांवर चालत असली तरी बऱ्याचदा पूर्ण जाळं देत नाहीत, फक्त काही भाग. महिनाभराचं टेल्स्ट्राचं प्रीपेड एक घ्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणीबाणीत ०००. आपलं नेटवर्क नसेल तरी दुसऱ्या कोणाचं असेल तर ११२ आणि ००० दोन्ही लागतात. कोणाचंच नसेल तर काहीच लागत नाही, त्यासाठी पीएलबी (उपग्रहामार्फत मदतीची हाक देणारा छोटा बीकन) भाड्याने मिळतो. हायवे सोडणार नसाल तर तो नको, दर वीस मिनिटांनी ट्रक जातो. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा, चालत निघू नका. दहा लिटर पाणी डिकीत, पिण्याचं वेगळं.

मेतकूट_भात
आणि आईबाबांच्या व्हिजिटर विम्यात ॲम्ब्युलन्स आहे का ते आत्ताच बघा. ब्रोकन हिलला रुग्णालय आहे, पण गंभीर काही झालं तर विमानाने ॲडलेडला हलवतात. रोजच्या गोळ्या एक दिवसाच्या जास्त घ्या, रविवारी सगळी औषधाची दुकानं उघडी असतील असं धरू नका.

आगाऊ_अण्णा
चला, आता पत्रे बघायला मलाही यावंसं वाटतंय. गाडीत एक जागा आहे का?

पिंपळपान
आहे अण्णा, डिकीत. पाण्याच्या कॅनशेजारी.

स्टेपनी
डिकीत स्टेपनी आहे ना, ते बघून मगच अण्णांना हो म्हणा.